लाचलुचपत

लोकसेवकाने आपल्या पदाचे काम करण्यासाठी, लवकर उरकण्यासाठी किंवा मुद्दाम अडवून ठेवण्यासाठी कायदेशीर वेतनाबाहेर मागितलेला वा घेतलेला पैसा, वस्तू किंवा अन्य लाभ म्हणजे लाच. चिरीमिरी, वरकमाई, चहापाणी, पाकीट ही तिची रोजच्या बोलण्यातली नावे. सातबाऱ्यावरचा फेरफार, जमिनीची मोजणी, बांधकामाचा परवाना, ठेकेदाराचे थकलेले बिल अशा कामांत सामान्य माणसाची तिच्याशी गाठ पडते.

इतिहास : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी कचेऱ्यांतील कारकून-अंमलदार अडाणी शेतकऱ्याला कसे लुबाडतात, हे उघड केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नियंत्रणे, परवाने आणि लष्करी पुरवठा यांमुळे खाबुगिरी फोफावली. त्यानंतर १९४७ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. १९६२ मध्ये नेमलेल्या संथानम समितीने प्रशासनातील दिरंगाई, झेपणार नाही इतका सरकारी कारभार, अधिकाऱ्यांच्या मर्जीला असलेला वाव आणि किचकट कार्यपद्धती ही प्रमुख कारणे दाखवली. तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला.

कायदा व तपास : सध्या १९८८ चा कायदा लागू आहे. लाच घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद होऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही स्वतंत्र गुन्हा ठरले. मात्र जबरदस्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग तक्रार आल्यावर पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करून सापळा लावतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेली असते. त्या घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. तरीही केवळ नोटा सापडून भागत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. तक्रारदार मरण पावला वा फितूर झाला तरी मागणी अन्य पुराव्यांवरून, परिस्थितिजन्य पुराव्यांवरूनही, सिद्ध करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये दिला.

सामाजिक दृष्टी : लाचेवर संतापणारा समाज घरच्या वरकमाईकडे काणाडोळा करतो. स्थळ पाहताना पगाराबरोबर ‘वरची’ मिळकतही विचारात घेतली जाते. देणारा लाचेला नाइलाज म्हणतो, घेणारा हक्क मानतो, आणि ‘सगळेच खातात’ या समजुतीने दोघांचेही मन निर्ढावते. लाच द्यायला पैसे नसलेल्यांना याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते : दाखल्यासाठी त्यांचे हेलपाटे वाढतात, आणि हक्काच्या कामासाठी कर्ज काढण्याची पाळी येते. पेशवाईतील करारी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव महाराष्ट्र आदराने घेतो. पण तशा करारीपणाची अपेक्षा तो बहुधा दुसऱ्याकडूनच करतो.

प्रतिकार : लोकायुक्तांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये, तर माहितीच्या अधिकारासाठी २००२ मध्ये कायदा केला, केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. अण्णा हजारे यांच्या २०११ च्या दिल्लीतील उपोषणांनंतर लोकपाल कायदा २०१३ मध्ये संमत झाला, पण पहिल्या लोकपालांची नेमणूक व्हायला २०१९ उजाडले. माहिती मागणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली : तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा राज्याचा कायदा २०१५ पासून आहे. मुदत ठरली आणि अर्ज ऑनलाइन झाला की अडवणुकीची जागा कमी होते, म्हणून हे उपाय महत्त्वाचे.

मात्र सापळा लागतो तो कोणीतरी पैसे द्यायला नकार दिल्यावरच. महाराष्ट्रात लाचेच्या मागणीची तक्रार १०६४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.