‘लूट’ आणि ‘प्राइझ’

इंग्रजीतले ‘लूट’ हे क्रियापद आपल्याकडून गेले, असे आपण काहीशा कौतुकाने सांगतो. ते कोणासाठी नेले गेले, हे मात्र सहसा विचारीत नाही.

इंग्रजीत अशा शब्दांची वानवा नव्हती. ‘पिलेज’ फ्रेंचमधून केव्हाच आला होता; ‘प्लंडर’ सतराव्या शतकात जर्मनीतील तीस वर्षांच्या युद्धातून आला. (त्याचा मूळ अर्थ घरातले किडुकमिडुक, कपडेलत्ते.) तरीही अठराव्या शतकातील म्हैसूरच्या युद्धांच्या इंग्रजी वर्णनांत ‘लूटी’ भेटतात: शत्रूचे घोडेस्वार, लुटारू. शब्द परका, कारण कृत्य परक्याचे.

मूळ धातू ‘लुण्ट्’ की ‘लुप्’पासूनचे ‘लोप्त्र’, यावर मतभेद आहेत. मराठीत मात्र या क्रियापदाला दोन तोंडे आहेत. संक्रांतीला बायका वाण लुटतात, ते देण्यासाठी. इंग्रजीने घेण्याचेच तोंड उचलले.

स्वतःच्या लुटीला इंग्रजांजवळ वेगळा शब्द होता: ‘प्राइझ’. हा बक्षिसाचा ‘प्राइझ’ नव्हे. फ्रेंच ‘प्रीझ’, म्हणजे पकडलेले, यापासून तो आला. त्याला कायदा होता, समित्या होत्या, हुद्द्यानुसार हिस्से होते. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे सिंहासन वाटणीसाठी तोडले गेले. पेशवाई बुडाल्यावरच्या ‘डेक्कन प्राइझ’वर हिस्लॉपची फौज आणि हेस्टिंग्जची फौज यांच्यातला तंटा विलायतेत वर्षानुवर्षे चालला. 1857 मध्ये दिल्लीत नेमलेले ‘प्राइझ एजंट’ घरांच्या जमिनी खणत होते. हिशेब ठेवला की ते ‘प्राइझ’. हिशेबाबाहेर शिपायाने खिशात घातले की ‘लूट’. घर ज्याचे खणले गेले, त्याला हा भेद कितपत कळला असेल?

पण शब्द सोल्जरांच्या तोंडी बसला होता. यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंदवले आहे की 1841 चे चीनमधील युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि 1857 चा उठाव यांच्या दरम्यान तो खुद्द इंग्लंडात रुळला. म्हणजे तो तिथे पोचला तो इंग्रज फौजांच्याच पराक्रमांच्या हकिगतींतून.

1860 मध्ये ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि ब्रिटिशांनी तो जाळला. तिथून आणलेले एक छोटे कुत्रे कॅप्टन डन याने 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीला नजर केले. राजवाड्यात त्याचे चित्र काढवून घेतले गेले. कुत्र्याचे नाव ठेवले होते ‘लूटी’.