वीस मिनिटांचा टाको, पाच तासांचा पाटा

कृती अगदी सोपी आहे. अर्धा किलो बीफचा खिमा मोठ्या आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा. सुटलेली चरबी काढून टाकायची. मग लाल तिखट, जिरेपूड, लसूण, मीठ, एखादा चिरलेला टोमॅटो आणि अर्धी वाटी पाणी घालून खिमा आटू द्यायचा. तोवर मक्याचे तयार कुरकुरीत शेल ओव्हनमध्ये गरम करून घ्यायचे. त्यांत खिमा भरायचा, त्यावर किसलेलं चेडर चीज आणि सगळ्यांत शेवटी बारीक चिरलेला लेट्यूसचा पाला. वीस मिनिटांत जेवण तयार. आपल्याकडे उशिरा घरी आलेल्या माणसाला जशी खिचडी, तसा अमेरिकेतल्या असंख्य घरांत हा टाको.

मी तो पहिल्यांदा खाल्ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत, मेक्सिकन वंशाच्या एका बाईंच्या घरी. मी अचानक गेले होते, त्यामुळे घरात जे होतं त्यावरच त्यांनी भागवलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काळ्या दगडाचा, तीन पायांचा एक उतरता पाटा होता आणि त्यावर तुळशीच्या जातीच्या कुठल्याशा रोपाची कुंडी. वरवंटा भिंतीला टेकवून ठेवलेला. "माझ्या आजीचा मेताते," त्या म्हणाल्या. मी थबकलेच. पायांची भर सोडली, तर माझ्या आजोळच्या परसात उलथा पडलेला पाटा आणि हा, यांत फरक तो काय?

हा टाको "खरा" नव्हे, असं पुढे मला पुष्कळांनी ऐकवलं. मेक्सिको शहरात असा टाको कुणी खात नाही, चेडर इंग्लंडचं, खिमा हॅम्बर्गरचा, शेल कारखान्यातले. हे आक्षेप वस्तुस्थितीला धरूनच आहेत. पण खिडकीतला तो पाटा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तो पाटा आणि ती वीस मिनिटं यांच्यामध्ये काय घडलं, हे शोधायचं मी ठरवलं.

सुरुवात अर्थातच मक्यापासून. मध्य अमेरिकेतल्या लोकांनी किमान तीन हजार वर्षांपूर्वी एक युक्ती शोधली: मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. त्याने दाण्याचं टरफल सुटतं, वाटल्यावर पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण ही युक्ती नेली नाही. म्हणून उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने ग्रासलं. चुन्यात भिजलेल्या या मक्याला 'निश्तमाल' म्हणतात. तो मेतातेवर गुडघे टेकून वाटायचा, हातावर थापायचा आणि मातीच्या तव्यावर भाजायचा. नाहुआ लोक त्या भाकरीला 'त्लाश्कल्ली' म्हणत. स्पॅनिशांनी तिचं नाव 'तोर्तिया' केलं. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने नाहुआ जीवनाची जी प्रचंड नोंद करून ठेवली, तीत बाजारात बसलेली तोर्तियावालीही आहे.

चुन्यात भिजलेलं ओलं पीठ टिकत नाही, आदल्या दिवशीचं आंबतं. म्हणून ते रोजच वाटावं लागे. मोठ्या कुटुंबासाठी रोज पाच-सहा तास, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आपल्याकडे जात्यावरच्या बायकांनी त्या वेळातून ओव्या काढल्या आणि आपण त्या ग्रंथबद्ध केल्या. त्या कौतुकात दळणाचे तास मात्र आपण मोजले नाहीत.

आता मांस. अमेरिका खंडात गाईबैल नव्हतेच. ते कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीबरोबर बेटांवर आले आणि नंतर मेक्सिकोत. उत्तरेच्या कोरड्या माळरानांवर, म्हणजे आजचा उत्तर मेक्सिको आणि टेक्सास इथे, त्यांचे कळप वाढले. म्हणून बीफ आणि गव्हाची तोर्तिया ही उत्तरेची ओळख झाली. जिरंही स्पॅनिशांबरोबरच आलं. 'टाको' हा शब्द खाण्याच्या अर्थाने तसा अलीकडचा आहे. जेफ्री पिल्चर या इतिहासकाराचा तर्क असा की, तो रुप्याच्या खाणींतून आला असावा. तिथे कागदात गुंडाळलेल्या सुरुंगाच्या दारूला 'टाको' म्हणत, आणि टाकोचा एक जुना प्रकार 'खाणकामगाराचा टाको' म्हणूनच ओळखला जाई. तर्क पटो न पटो, टाको हे कष्टकऱ्याचं, हातात धरून खायचं, मिळेल ते भरायचं अन्न होतं, एवढं निश्चित.

याच मक्याच्या कथेत एक मराठी माणूसही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, भटकत भटकत १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे, भाकरी मोडून वाटणारा माणूस म्हणून. कणसात दाणे अधिक भरावेत यासाठी ते शेताच्या बाजूने झटत होते. त्याच काळात त्या दाण्यांच्या दुसऱ्या टोकाला, पाट्यापाशी, एक वेगळीच लढाई चालली होती.

ती लढाई गिरणीची. ओला निश्तमाल वाटणाऱ्या यांत्रिक गिरण्या शहरांतून खेड्यांत येऊ लागल्या. ऑस्कर लुईस या मानवशास्त्रज्ञाने तेपोस्तलान या गावाच्या अभ्यासात तिथली हकिगत दिली आहे. १९२०च्या दशकात गिरणीचा पहिला प्रयत्न पुरुषांच्या विरोधामुळे फसला. गिरणीच्या पिठाच्या तोर्तियाला चव नाही, आणि बायकांना रिकामा वेळ मिळाला तर त्या बिघडतील, ही त्यांची कारणं. पुढे गिरणी आली आणि टिकली, ती बायकांनी ती उचलून धरली म्हणून. लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४०मध्ये, गावोगावच्या महिला मंडळांनी सरकारकडे अर्ज केले, त्यांत गिरणीची मागणी वारंवार येते. जमीन, शाळा आणि गिरणी. १९४९मध्ये नुएवो लिओन प्रांतातल्या सेराल्वो गावी निश्तमालाचं कोरडं, टिकाऊ पीठ कारखान्यात तयार होऊ लागलं. भिजवणं, वाटणं, दोन्ही संपलं.

पुरुषांचा तो चवीचा आक्षेप मला फार ओळखीचा वाटला. पाट्यावरच्या चटणीची सर मिक्सरला नाही, हे वाक्य मी लहानपणापासून पंगतीत ऐकत आले आहे. ते खोटं नाही. फक्त ते पाट्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

इकडे सरहद्दीच्या उत्तरेला दुसरीच घडामोड. १८४८च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला होता. तिथली मेक्सिकन माणसं जागच्या जागी परक्या देशात गेली. १९१०च्या क्रांतीनंतर आणखी लाखो आली. सॅन अँटोनिओच्या चौकांत रात्री बायका चुलीवर तिखट रस्सा विकत. जवळच्या न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेब्हार्ट या जर्मन माणसाने १८९०च्या दशकात त्या तिखटाची तयार पूड बाटलीत भरली. १९१४मध्ये बर्था हॅफनर-गिंजर यांच्या कॅलिफोर्नियातल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात टाको छापला गेला. अमेरिकेच्या दुकानांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारं होतं ते गाईचं मांस, चेडर आणि लेट्यूस. स्थलांतरितांच्या घरांत तेच टाकोत गेलं. ज्याला आपण भेसळ म्हणतो, ती त्या बायकांची त्या गावातली बाजारहाट होती.

उरला शेल. न्यूयॉर्कच्या 'शोचित्ल' या उपाहारगृहाचे मालक हुवेन्सिओ माल्दोनादो यांनी तोर्तिया दुमडलेल्या आकारात तळण्याच्या साधनाचं पेटंट १९५०मध्ये मिळवलं. ऐन वेळी तळत बसण्याचा वेळ वाचला. म्हणजे ज्या शेलवर "अमेरिकन" असा शिक्का बसतो, त्याच्या मागेही मेक्सिकन माणसाचं डोकं आहे.

नफा मात्र दुसरीकडे गेला. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी १९३७मध्ये लुसिया रोड्रिगेझ यांनी 'मित्ला कॅफे' सुरू केला. त्यांच्या समोर ग्लेन बेल या तरुणाची हॉटडॉगची गाडी होती. तो मित्लात टाको खाई, आणि ते करायचे कसे हेही त्याने तिथेच शिकून घेतलं, असं गुस्तावो आरेयानो यांनी आपल्या पुस्तकात सांगितलं आहे. त्याच बेलने १९६२मध्ये 'टाको बेल' काढलं. मित्ला कॅफे अजून चालू आहे, पण त्याचं नाव गावाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

याच गावची आणखी एक गोष्ट. तिथल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. त्याविरुद्ध जी मंडळी उभी राहिली, त्यांच्या बैठका मित्ला कॅफेत होत. १९४४मध्ये फेडरल न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टाको गिऱ्हाइकांना चालत होता, तो करणाऱ्यांची मुलं पाण्यात चालत नव्हती. "खरा टाको कोणता" या वादात हा प्रश्न सहसा येत नाही.

आपल्या रोजच्या जेवणात वाचलेल्या वेळाचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. टाकोच्या वीस मिनिटांत तेपोस्तलानच्या बायकांची गिरणी आहे, माल्दोनादोंचं पेटंट आहे, गेब्हार्टची बाटली आहे. वेळ वाचला तो घरातल्या बाईचा, आणि ते चांगलंच झालं. पैसा साठला तो ज्यांच्याकडे कारखाना आणि भांडवल होतं त्यांच्याकडे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी दडवण्याचं मला कारण दिसत नाही.

निघताना मी त्या बाईंना विचारलं होतं, हा मेताते पुन्हा वापरावासा वाटत नाही का? त्या हसल्या. म्हणाल्या, "पाहुणे नेहमी हेच विचारतात. माझ्या आजीने कुणाला वाटायला सांगितलं असतं माहितेय? विचारणाऱ्याला." मग त्यांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि दगडाच्या मधला खोलगट, गुळगुळीत झालेला भाग मला हाताने चाचपून पाहायला सांगितला.