मानसचे हंस आणि उजनीचे पाणी

मानससरोवर आपल्या साहित्यात एकटे येत नाही, हंसांसह येते. ‘मेघदूता’त कालिदासाने मेघाला सोबत दिली तीही राजहंसांची. गर्जना ऐकताच त्यांना मानसची ओढ लागते आणि कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी घेऊन ते कैलासापर्यंत जातात. हा केवळ कविसंकेत होता, की कोणी पाहिलेली गोष्ट?

पडताळा मिळाला तो एका वेषांतरित प्रवाशाकडून. कंपनी सरकारचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट ऑगस्ट १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेषात मानसला पोहोचला. तेथे त्याने करड्या रानहंसांचे मोठमोठे थवे पाहिले. संस्कृतज्ञ होरेस विल्सन यांनी ‘मेघदूता’च्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांत त्याच्या निरीक्षणाचा आधार घेतला.

मराठी यात्रिकांची नजर मात्र दर्शनाकडे होती. भगवान श्री हंस या साधूंचे मानस-कैलास यात्रेचे मराठी कथन पुरोहित स्वामींनी इंग्रजीत आणले. १९३४ साली लंडनमध्ये निघालेल्या त्या पुस्तकाला कवी येट्सची प्रस्तावना आहे. कथनाचा कळस आहे कैलासावरची दीक्षा. नावात हंस असला, तरी हा प्रवास अंतर्मुख आहे. पुढे १९४५ मध्ये सालिम अली त्याच वाटेने गेले. आपल्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी या प्रवासाला पक्षिशास्त्रीय यात्राच म्हटले.

मानसच्या परिसरात वीण करणारा हा पक्षी म्हणजे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, अंग राखाडी. तिबेट, लडाख, मंगोलिया ही त्याची उन्हाळी घरे. हिमालय ओलांडताना त्याने सात हजार मीटरांहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. कालिदासाशी त्याचा मेळ एका बाबतीत बसत नाही. तो मेघगर्जनेची वाट पाहत नाही; पावसाळ्याच्या बराच आधी, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततो.

हिवाळ्यात हे पट्टकादंब इंदापूर तालुक्यात, भिगवण-कुंभारगावच्या पाणथळीवर उतरतात. बारामतीहून हे अंतर तासाभराचेही नाही. त्यांतला अमुक थवा मानसचाच, असे नुसते पाहून सांगता येणार नाही. पण कुळ तेच. हे पाणी मात्र पुराणातले नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, गावे उठली, जुने पळसदेव बुडाले. पाणी खूप ओसरले की त्याचे देऊळ अजून वर दिसते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले काही मासेमारीकडे वळले. आज इथले मच्छीमार होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात.

माणसांची मानसयात्रा १९६२ नंतर बंद पडली, १९८१ मध्ये सुरू झाली, २०२० पासून पुन्हा खंडित होऊन २०२५ मध्ये परत सुरू झाली. पक्ष्यांना परवाना लागत नाही. पण त्यांच्या वर्षाचा एक भाग मानसला जातो, तर दुसरा अशा पाण्यात, जिथे मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येऊन मिसळते. आपण हंसांच्या वाटेचे एकच टोक पवित्र मानले आणि त्यावर काव्य, टिपा, प्रवासवर्णने लिहिली. दुसरे टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. गावे बुडवून मिळालेले हे पाणी स्वच्छ राखण्याला तीर्थाची प्रतिष्ठा मिळाली नाही, तर हंसांविषयीची आपली सारी भक्ती पुस्तकीच म्हणावी लागेल.