रक्ताची साक्ष

श्रोतेहो, उपदंशाची कथा त्याच्या नावापासूनच सुरू होते. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने आला, म्हणून फिरंगरोग. आम्हां ख्रिस्ती मंडळींना हे नाव वाचताना किंचित चमकल्यासारखे होते. पण खुद्द फिरंग्यांच्या देशांतही हाच प्रकार चालला होता. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. दोष नेहमी शेजाऱ्याच्या पदरात! विसाव्या शतकात प्रयोगशाळेत या रोगाची परीक्षा होऊ लागली, तेव्हा तो दोष शेजारच्या देशावरून उतरून एकेका माणसाच्या रक्तावर येऊन बसला. त्याचा सर्वांत विलक्षण अनुभव रक्तदात्यांना आला.

१९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू सापडला, आणि १९०६ साली वासरमान व त्यांचे सहकारी यांनी या रोगाची रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. ज्ञान हाती आले होते. अडचण होती ती वेळेची. रक्त साठविण्याची सोय नव्हती. दाता आणि रोगी यांना शेजारी निजवून रक्त द्यावे लागे. घटका मोजणाऱ्या रोग्यासाठी परीक्षेच्या निकालाची वाट कोण पाहणार? शिवाय दाता बहुधा रोग्याचा भाऊ किंवा नवरा. त्याला, तेही नातलगांच्या देखत, असा प्रश्न विचारणार तरी कसा?

यातून मार्ग काढला तो लंडनमधील पर्सी लेन ऑलिव्हर या गृहस्थांनी. ते डॉक्टर नव्हते. रेड क्रॉसच्या कॅम्बरवेल शाखेचे चिटणीस होते. १९२१ साली किंग्ज कॉलेज रुग्णालयातून रक्तदात्यासाठी निरोप आला, तेव्हा ते काही सहकाऱ्यांना घेऊन तेथे गेले आणि त्यांतल्या एकीचे रक्त उपयोगी पडले. त्यावरून त्यांनी विनावेतन दात्यांची यादीच तयार केली. दात्याचा गट आणि उपदंशाची परीक्षा आधीच करून ठेवायची, निरोप येताच त्याला पाठवायचे. परीक्षा संकटाच्या वेळी न करता निवांतपणी करायची, एवढीच ती युक्ती; पण तिने पुष्कळांचे प्राण वाचविले.

तथापि ही परीक्षा वाटते तितकी सत्यवादी नव्हती. तिच्यासाठी लागणारा अर्क प्रथम उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृतापासून काढीत. १९०७ साली असे दिसून आले की निरोगी ऊतींचा अर्कही तेच काम करतो. आणि हे दाखविणाऱ्यांत पुन्हा लँडस्टायनरच होते! म्हणजे ही परीक्षा जंतूला ओळखीतच नव्हती. रोगामुळे रक्तात होणारा एक बदल तेवढा तिला कळे. तसा बदल हिवतापात होतो, कुष्ठरोगात होतो, क्वचित गर्भारपणातही होतो. तेव्हा हिवतापाने कण्हलेल्या एखाद्या सज्जन दात्याला ‘तुमचे रक्त नको’ असे सांगितले गेले, तर त्याच्या घरात काय वादळ उठेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. उलटपक्षी, ज्याला नुकताच संसर्ग झाला आहे, त्याच्या रक्तात पहिले काही आठवडे परीक्षेला काहीच सापडत नाही. निर्दोषाला डाग आणि दोषी मोकळा, असा हा न्याय!

खरा पहारेकरी लाभला तो अनपेक्षित दिशेने. १९३७ साली शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठविण्याचे केंद्र काढले व त्याला ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. आता निकाल येईपर्यंत रक्त थांबू शकत होते. शिवाय हा मळसूत्री जंतू मोठा नाजूक आहे. शीतपेटीत काही दिवस राहिला की मरतो. ज्याला परीक्षा पकडू शकली नाही, त्याला थंडीने मारले. पुढे पेनिसिलिन आले आणि रोगच बरा होऊ लागला.

मग ही परीक्षा बंद का केली नाही? अमेरिकेत हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला. १९९५ साली तेथील तज्ज्ञमंडळाने ती चालू ठेवावी असाच अभिप्राय दिला. प्लेटलेट शीतपेटीत ठेवीत नाहीत, खोलीच्या उष्णमानावर ठेवतात. तेथे थंडीचा पहारा नसतो. आपल्या देशातही एड्स, दोन प्रकारच्या काविळी व हिवताप यांच्या जोडीने उपदंशाची परीक्षा सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. माझ्या मते उपदंशाच्या दृष्टीनेही ते पाऊल परीक्षेइतकेच मोलाचे होते. ज्याचे पोट रक्ताच्या मोलावर चालते, तो गेल्या महिन्यातले खरे कसे सांगेल? आणि परीक्षेला न दिसणारे ते पहिले आठवडे ठाऊक असतात ते फक्त दात्यालाच. म्हणून रक्त घेण्यापूर्वी त्याला बाजूला बसवून, कोणी ऐकणार नाही असे पाहून, प्रश्न विचारतात.