पानापासून रोप, प्रतीपासून चित्र

मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशात खडकांच्या कपारींतून एक लहानशी वनस्पती वाढते. तिची जाड, रसाळ पाने आखूड दांड्याभोवती अशी दाटीने बसलेली असतात, की पाहणाऱ्यास दगडात कोरलेल्या कमळाचा भास व्हावा. आपल्या पानफुटीच्याच कुळातील ही वनस्पती आज देशोदेशींच्या खिडक्यांत दिसते. तिला एचेव्हेरिया म्हणतात. हे नाव एका चित्रकाराचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१७८७ साली स्पेनच्या राजाने मेक्सिकोतील वनस्पतींच्या शोधासाठी एक मोहीम सुरू केली. मार्तीन दे सेसे हा तिचा प्रमुख. पुढे मोसिन्यो हा वनस्पतिशास्त्रज्ञही तीत सामील झाला. आतानासियो एचेव्हेरिया हा मेक्सिकोतच शिकलेला तरुण मोहिमेबरोबर रानोमाळ हिंडून चित्रे काढीत असे. १८०३ नंतर ही मंडळी स्पेनला परतली. पण त्यांचा ग्रंथ त्यांच्या हयातीत काही छापला गेला नाही. १८१२ मध्ये राजकीय उलथापालथीमुळे मोसिन्योला फ्रान्सचा आश्रय घ्यावा लागला. चित्रे त्याने बरोबर नेली आणि दि कांडोल या शास्त्रज्ञाच्या हाती सोपविली.

१८१७ साली मोसिन्योने ती परत मागितली. दि कांडोल तेव्हा जिनिव्हात होता. मूळ चित्रे जाणार, म्हणून त्याने नगरवासीयांना हाक दिली. शंभराहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, पुढे आली आणि थोड्याच दिवसांत शेकडो चित्रांच्या नकला तयार झाल्या. १८२० साली मोसिन्यो बार्सिलोनात वारला आणि मूळ चित्रे दृष्टीआड झाली. नकला मात्र अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिल्या. १८२८ साली दि कांडोलने या वनस्पतींच्या प्रजातीला चित्रकाराचे नाव दिले. मूळ चित्रांपैकी सुमारे दोन हजार पुढे १९८१ मध्ये पिट्सबर्गच्या हंट संस्थेकडे आली.

एचेव्हेरियाची लागवड करणारा माणूस तिचे पान देठाच्या बुडापासून अखंड काढतो, जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवतो आणि मग रेताड मातीवर नुसते टेकवितो. काही आठवड्यांत बुडाशी मुळे फुटतात, चिमुकले कमळ उमलते आणि जुने पान सुकून जाते. पानफुटीला कडेने कोंब येतात. येथे मात्र बूड तुटले तर सारेच व्यर्थ. मोहिमेच्या चित्रांचेही असेच झाले. मूळ हरवले, परंतु वेळेवर जपून घेतलेल्या नकलांनी ज्ञानाचा वंश टिकविला. त्या नकला करणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र कोणत्याही वनस्पतीला लाभली नाहीत.