ठसा छापाचा, रंग हाताचा

रबरी ठसे, शाईची गादी, रंगीत कागद आणि कात्री घेऊन घरच्या घरी शुभेच्छापत्रे तयार करावयाची, किंवा वहीच्या पानावर ठसे उमटवून, ते रंगवून त्यांच्या शेजारी मनातले चार शब्द लिहावयाचे, हा छंद अमेरिकेतून आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या अर्धशतकापुरती ती खरीही आहे. परंतु या छंदाचा माग काढीत आपण पुरेसे मागे गेलो, तर एखाद्या दुकानाशी नव्हे, मठाच्या दाराशी येऊन थांबतो. ठसे उमटविणाऱ्या मंडळींना हे सहसा ठाऊक नसते, आणि मठांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही दीर्घकाळ त्याची दखल घेतली नाही. न घेण्याचे कारण काय, तेही पुढे येईलच.

जर्मनीतील त्सेल्ले शहराजवळ वीनहाउझेन नावाचा मठ आहे. तेराव्या शतकात तो सिस्टर्सियन धर्मभगिनींचा होता. पुढे धर्मसुधारणेच्या काळात तो ल्यूथरपंथीय झाला. १९५३ मध्ये तेथील प्रार्थनासज्जाची दुरुस्ती चालू असता धर्मभगिनींच्या आसनांखालच्या फळ्या काढण्यात आल्या. त्या फळ्यांच्या फटींतून शतकानुशतके जे जे निसटून खाली पडले होते, ते सारे तेथे तसेच साठून राहिले होते. मधोमध खिळ्याने जोडलेले लाकडी चौकटीचे चष्मे सापडले. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चष्म्यांत त्यांची गणना होते. आणि त्यांच्यासोबत सापडली तळहातात मावतील अशी कितीतरी भक्तिचित्रे: काही हाताने काढलेली, काही ठशाने छापून मग रंगविलेली. अभ्यासकांनी त्यांचा काळ तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंतचा ठरविला आहे.

या शोधाचे महत्त्व आम्हांस त्या चित्रांच्या सौंदर्यात वाटत नाही. पुष्कळशी अगदी साधीच आहेत. महत्त्व याचे की, ती कोणी जपून ठेवलेली नव्हती. पेटाऱ्यात ठेवलेली वस्तू मौल्यवान म्हणून टिकते. फटीत पडलेली वस्तू रोजच्या वापरातली असते. प्रार्थनापुस्तक उघडताना चित्र घसरले, खाली गेले आणि वृद्ध भगिनीचा चष्माही त्याच वाटेने गेला. आपल्या आजीच्या प्रार्थनापुस्तकातून मिस्सेच्या वेळी गळून पडणारी संतांची चित्रे ज्यांनी उचलून दिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

आता ठशाकडे वळू. युरोपात कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापण्याची रीत कागदापूर्वीची. कागद मात्र दुर्मीळ होता. न्यूरेंबर्गला उल्मान श्ट्रोमर याने १३९० मध्ये कागदाची गिरणी सुरू केली आणि त्यानंतरच्या काही दशकांत जर्मनभाषक प्रदेशांत कागदावर उमटविलेली संतांची चित्रे लोकांच्या हाती जाऊ लागली. यांपैकी सन कोरलेले एक अतिप्रसिद्ध चित्र म्हणजे १४२३ चा संत क्रिस्तोफर. बालयेशूला खांद्यावर घेऊन नदी उतरणाऱ्या या संताचे चित्र बुक्सहाइमच्या कार्थुशियन मठातील एका हस्तलिखिताच्या बांधणीस आतल्या बाजूने चिकटविलेले आढळले. सध्या ते मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. काळ्या रेषा ठशाच्या आणि रंग हाताचे. पाहणाऱ्याला त्या दिवशी अपमृत्यू येणार नाही, असा दिलासा देणारा मजकूरही खाली कोरलेला आहे. म्हणजे चित्र, रंग, शुभेच्छा आणि वहीत चिकटविणे, या चारही गोष्टी सहाशे वर्षांपूर्वी एकाच कागदावर एकत्र आलेल्या दिसतात!

वहीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समधील देवेंटर येथे खेर्त ख्रोते (१३४०–१३८४) यांच्या प्रेरणेने जी भक्तिचळवळ उभी राहिली, तिच्यातील बंधुभगिनी स्वतःसाठी एक टिपणवही बाळगीत. वाचनात आलेले बोल, स्वतःचे संकल्प, मननाचे विषय असे सारे त्या वहीत जमेल तसे उतरून घ्यावयाचे. ख्रिस्ताच्या अनुकरणावरील थॉमस अ केंपिस यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ याच परंपरेतला. त्या काळच्या प्रार्थनावह्यांत छापील चित्रे चिकटविण्याचीही प्रथा होती. आज ज्याला ‘आर्ट जर्नल’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचे पूर्वज शोधावयाचे तर ते आम्हांस येथे दिसतात.

धर्मभगिनींनी स्वतः काढलेल्या चित्रांची कथा अधिक बोलकी आहे. बव्हेरियातील आइकश्टेट येथे संत वालबुर्गाचा बेनेडिक्टाइन मठ १०३५ पासून आहे. तेथे इ.स. १५०० च्या सुमारास एका अनाम भगिनीने काही लहान चित्रे रंगविली. त्यांतील एका चित्रात हृदय हे घर आहे; घराला दार आहे, दाराशी पायऱ्या आहेत आणि आत ती भगिनी देवाच्या सहवासात आहे. कलासमीक्षकांनी अशा कामाला ‘नन्सचे काम’ असे नाव दिले होते, आणि त्या नावात कौतुकापेक्षा हेटाळणीच अधिक होती. ना प्रमाणबद्धता, ना खोली, ना नामवंत गुरू! १९९७ मध्ये जेफ्री हॅम्बर्गर या अभ्यासकाने त्यांवर सबंध ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे ही चित्रे विद्वानांच्या नजरेस नीट पडली. ज्या वस्तूवर कर्त्याची सही नाही, जिची किंमत ठरलेली नाही आणि जी बाईने केली आहे, ती इतिहासात शिरावयास पाचशे वर्षे घेते, असाच याचा अर्थ.

मध्यंतरी ताम्रपटावर कोरून छापण्याची कला पुढे गेली. अँटवर्पचे वीरिक्स बंधू या कामात विशेष निपुण. त्यांची छोटी भक्तिचित्रे जेझुइट धर्मगुरूंबरोबर जगभर फिरली आणि आपल्याकडेही आली. फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे सोबती गोव्याहून निघून १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी पोहोचले, तेव्हा अँटवर्पलाच छापलेले अनेकभाषी बायबल त्यांनी बादशहाला भेट दिले. मोगल चित्रकारांनी युरोपीय छापील चित्रे समोर ठेवून आपली चित्रे केली. अबुल हसन याने तर १६०० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या छापचित्रातील संत योहानाची अप्रतिम नक्कल उतरविली. कागदाचा कपटा किती दूर जातो पाहा!

सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रान्स, फ्लँडर्स आणि दक्षिण जर्मनीतील मठांत या कलेला बहर आला. चर्मपत्राचा किंवा कागदाचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, मध्यभागी संताचे चित्र रंगवावयाचे आणि भोवतालचा भाग बारीक चाकूने असा कोरावयाचा की, लेसच वाटावी. त्या चाकूच्या फ्रेंच नावावरून अशा चित्रांना ‘कानिव्हे’ म्हणतात. काही ठिकाणी छापील चित्रातील वस्त्रांचा भाग कापून काढीत आणि मागून रेशमाचा तुकडा लावून संताला खरेखुरे कपडे चढवीत. चाकू एकदा घसरला की, सारे श्रम वाया. ही चित्रे व्रतग्रहणाच्या दिवशी, नामसंताच्या सणाला किंवा उपकारकर्त्यांना कृतज्ञता म्हणून दिली जात. जिच्याजवळ स्वतःचा म्हणून पैसा नाही, तिने दुसरे काय द्यावे? आपला वेळ कागदावर उतरवून ती तो देत असे.

आणि याच वेळेवर राज्यकर्त्यांचा डोळा गेला. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८२ पासून, ज्या मठांत शाळा चालत नाही आणि रुग्णसेवा होत नाही, असे चिंतनशील मठ निरुपयोगी ठरवून बंद केले. फ्रान्समध्ये १७९० मध्ये संन्यासव्रतेच कायद्याने अमान्य झाली. जर्मन राज्यांत १८०३ मध्ये मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. या सुधारणांना दुसरी बाजू होती, हे आम्ही नाकारीत नाही; काही मठांची संपत्ती डोळ्यांत भरण्याजोगी होती हेही खरे. तथापि दिवसभर बसून एक चित्र कोरणाऱ्या बाईचा उपयोग काय, या प्रश्नाला जमाखर्चाच्या वहीत उत्तर नसते. आइकश्टेटच्या भगिनींना मठात राहू दिले गेले आणि १८३५ मध्ये त्यांचा मठ पुन्हा रीतसर उभा राहिला. बहुतेकांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

पुढचे काम यंत्रांनी उचलले. शिळाछाप आला, कागदावर लेस पाडणारे साचे आले आणि पॅरिसमधील सेंट सुल्पिस चर्चच्या परिसरातील दुकानांतून भक्तिचित्रे गठ्ठ्यांनी बाहेर पडू लागली. आमच्या पणज्यांच्या पुस्तकांतील झालरीची चित्रे बहुतांशी याच घराण्याची. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ती नसती, तर गरिबाच्या घरी चित्रच नसते. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी कार्ड करवून घेतले. मध्ये मेजवानीला बसलेले कुटुंब, दोन्ही बाजूंस भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसे. किंमत एक शिलिंग. छापून झाल्यावर तेही हातानेच रंगवावे लागले होते. रंगविणाऱ्यांची नावे अर्थातच कोणी सांगत नाही.

राहता राहिले रबर. गंमत अशी की, या पदार्थाने युरोपात प्रथम नाव कमावले ते उमटविण्याबद्दल नव्हे, पुसण्याबद्दल. शिसपेनीच्या रेघा त्याने पुसल्या जातात, याची नोंद जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० मध्ये केली. परंतु ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. गंधकासह तापविले की ते टिकाऊ बनते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले आणि १८४४ मध्ये त्यांनी त्याचे एकस्व मिळविले. रबरी ठसा १८६० च्या दशकात अमेरिकेत निघाला. त्याच्या जनकत्वावर एकाहून अधिक जणांनी हक्क सांगितला आहे. खिळे जुळवून प्लास्टरमध्ये साचा घ्यावयाचा, त्यात रबर दाबावयाचे आणि तापवावयाचे, ही कृती. तापविण्याचे भांडे मात्र दंतवैद्यांकडून आले, कारण कवळीची बैठक ते त्यातच घडवीत! या रबराच्या पाठीमागे एक काळी छायाही आहे. १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोत रबर गोळा करण्यासाठी आफ्रिकी लोकांवर जे अनन्वित अत्याचार झाले, ते रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाने जगापुढे आले. रबराचा इतिहास सांगताना ते वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कचेरीत ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांपुरता उरलेला हा शिक्का चित्रकारांनी विसाव्या शतकात उचलला. कुर्ट श्विटर्स याने १९१९ च्या सुमारास ठशांची चित्रे केली. १९७० नंतर अमेरिकेत तो घरगुती छंद बनला. मग पारदर्शक ठसे आले, तापविल्यावर फुगून चमकणारी भुकटी आली, आणि तयार साहित्याचा बाजार एवढा वाढला की, घरी केलेले कार्ड विकतच्या कार्डाहून महाग पडू लागले. आम्हांस हे काहीसे हास्यास्पद वाटते. आपल्या शाळांतून भेंडी आणि बटाटा कापून छाप उमटविणारी मुले अधिक शहाणी म्हणावी लागतील.

ज्यांना बटाट्याहून टिकाऊ ठसा हवा असेल, त्यांना साधे खोडरबर पुरते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात एखाद्या संध्याकाळी घरातील मुलांना घेऊन बसावे. तारा, गव्हाण, मेंढरू यांची रेषा पेन्सिलीने काढावी, भोवतालचा भाग मोठ्यांनी पात्याने अलगद कोरून काढावा, शाईच्या गादीवर टेकवावे आणि जाड कागदावर दाबावे. रंग मुलांनी भरावा. तो रेषेबाहेर गेला तरी चालेल, पंधराव्या शतकातल्या चित्रांतही तो पुष्कळदा गेलेला आहे. नक्षीचे फारसे अडत नाही. अडते ते अक्षरांपाशी. ‘नाताळ’ हा शब्द कोरावयाचा, तर ‘ळ’ प्रथम येतो, ‘ना’ शेवटी, आणि काना, वेलांटी सारे आरशात दिसावे तसे उलटे. क्रिस्तोफरच्या पायाखाली दोन ओळी आणि १४२३ हा सन कोरणाऱ्या अनाम कारागिरानेही ते तसेच, उजवीकडून डावीकडे कोरले होते.