पिंजऱ्याखालचं नवापूर

१८ फेब्रुवारी २००६ला नवापूरचं नाव देशभर झालं. इथल्या कोंबड्यांत एच५एन१ विषाणू असल्याचा अहवाल भोपाळच्या प्रयोगशाळेने दिला आणि भारतातल्या बर्ड फ्लूची पहिली नोंद नंदुरबार जिल्ह्याच्या खाती पडली. पुढे लाखो कोंबड्या मारून पुरल्या. हा इतिहास सांगताना बहुतेक जण आभाळाकडे बोट दाखवतात: उकाईचा जलाशय जवळ, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, रोग त्यांनीच आणला. मला मात्र या प्रकरणाचा धागा पिंजऱ्याखाली सापडतो.

कोंबडीचा गुदाशय वीतभरही नसतो आणि तो थेट बाहेर उघडत नाही. तो अवस्कर नावाच्या पोकळीत संपतो. मूत्रवाहिन्या आणि अंडवाहिनीही तिथेच येतात. कोंबडीला मूत्राशय नाही. अवस्करातलं मूत्र उलटं गुदाशयात चढतं, तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि उरलेलं युरिक आम्ल विष्ठेवर पांढऱ्या टोपीसारखं बसतं. अंडं येताना अंडवाहिनीचं तोंड बाहेर उलटतं म्हणून ते बरंचसं स्वच्छ येतं; तरी डाग लागतोच. म्हणजे पोल्ट्रीचा विकाऊ माल, तिचं खत आणि तिचा रोग एकाच दारातून बाहेर पडतात. पिंजऱ्याखालचा विष्ठेचा ढीग पोत्यांत भरून शेतावर जातो, अंड्यांचे ट्रे गावोगाव फिरून परत येतात.

पक्ष्यांचा दोष नाही असं नव्हे. रानबदकांच्या आतड्यातही हा विषाणू वाढतो, पण बदक काही शेडमध्ये शिरत नाही. जलाशय ते पिंजरा हे अंतर पाणी, पाय नाहीतर चाकंच तोडतात. कोंबडीच्या श्वासातूनही विषाणू पसरतो, हा आक्षेप अधिक वजनदार. म्हणूनच नमुने श्वासनलिका आणि अवस्कर दोन्हींकडून घेतात. पण श्वासाची धाव शेडभर. विष्ठा ट्रकमधून तालुका ओलांडते. नवापूरचं रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत विभागलेलं, आणि त्याच महिन्यात रोग सीमेपलीकडच्या उच्छलमध्येही सापडला. ही मर राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्याच रोगाची आहे, असं तेव्हा पोल्ट्रीवाले सांगत होते. पण राणीखेतही विष्ठेतून पसरतोच. सरकारी कारवाईतही कोंबड्यांबरोबर अंडी, खाद्य आणि शेडमधली घाण नष्ट करावी लागते. फेब्रुवारी २०२१मध्ये नवापूरला हे सगळं पुन्हा करावं लागलं.